तट कोठे फुटतो?
झाशीच्या राणी लक्ष्मीबाई यांची जीवनकथा

ग्वाल्हेरच्या रेल्वे स्थानकाजवळ पडाव नावाचा भाग आहे. पडाव म्हणजे तळ, मुक्काम. आज तेथे दुकाने आहेत, वाहनांची वर्दळ आहे, आणि याच भागातील लक्ष्मीबाई कॉलनीत साधूंचा एक जुना मठ आहे. त्याला गंगादासांची बडी शाळा म्हणतात. जवळच फूलबागेत राणी लक्ष्मीबाईंची समाधी आहे आणि घोड्यावर बसलेल्या राणीचा पुतळा आहे. आपल्या महाराष्ट्राच्या मातीतील घराण्यात जन्मलेली, काशीत डोळे उघडलेली, झाशीत नांदलेली ही स्त्री जून १८५८ मध्ये येथे आली आणि येथेच तिचा देह अग्नीच्या स्वाधीन झाला. तिच्या आयुष्यातील हा शेवटचा पडाव.

शाब्बाथ शाळेतील लहान मुलालासुद्धा झाशीच्या राणीचे नाव ठाऊक असते. घोडा, हाती तलवार आणि पाठीशी बांधलेले मूल हे चित्र आपण सर्वांनी पाठ्यपुस्तकांत पाहिले आहे. राणीच्या शौर्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु आम्हांला या लेखात वाचकांपुढे एक वेगळा प्रश्न ठेवायचा आहे. इतकी धैर्याची, व्यवहारात इतकी दक्ष अशी ही बाई होती. मग तिच्याभोवतीचे आधार एकामागून एक का ढासळले? तहनामा ढासळला, मित्रांची फौज ढासळली, दगडी तट ढासळला. माणसाला, राज्याला, एखाद्या व्यवस्थेला इजा होते ती कोणत्या जागेतून शिरते? हे समजून घेतले तर ही जीवनकथा आपल्या घरांना व मंडळ्यांनाही काही शिकवील असे आम्हांला वाटते.

दुसऱ्याच्या छायेतले बालपण

राणीचे माहेरचे नाव मनकर्णिका. घरात तिला मनू म्हणत. वडील मोरोपंत तांबे, आई भागीरथीबाई. जन्म काशीचा. जन्माचे वर्ष कोणी १८२८ मानतात तर कोणी १८३५. तांब्यांचे घराणे मूळचे वाईकडचे. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली तेव्हा अनेक मराठी कुटुंबे आपल्या धन्यामागोमाग उत्तरेत गेली. मोरोपंत हे दुसऱ्या बाजीरावांचे बंधू चिमाजी अप्पा यांच्या आश्रयाला काशीत होते. चिमाजी अप्पा वारले तेव्हा आश्रय संपला, आणि मोरोपंत कानपुराजवळच्या बिठूरला बाजीरावांकडे आले. मनू चारएक वर्षांची असतानाच तिची आई गेली.

म्हणजे पाहा, या मुलीने डोळे उघडले तेच दुसऱ्याच्या छायेत. वडिलांचे पोट एका पदच्युत पेशव्यावर, आणि त्या पेशव्याचे पोट कंपनी सरकारच्या पेन्शनीवर. एकाला धक्का लागला की त्याच्या आधाराने राहिलेले सारेच हलणार. तरी मनूचे बालपण उदास गेले नाही. आईवाचून वाढलेल्या या मुलीला वडिलांनी लिहायला वाचायला शिकू दिले, घोड्यावर बसू दिले, हत्यार धरू दिले. त्या काळच्या मुलीला जे सहसा मिळत नसे ते तिला मिळाले.

१८४२ मध्ये तिचा विवाह झाशीचे राजे गंगाधरराव नेवाळकर यांच्याशी झाला आणि मनूची लक्ष्मीबाई झाली. नेवाळकर हे मूळचे कोकणचे घराणे. खानदेशात पारोळे येथे त्यांची जहागीर होती. पेशव्यांनी त्यांना बुंदेलखंडात झाशीचे सुभेदार नेमले होते. गंगाधररावांना नाटकांचा मोठा नाद, ग्रंथसंग्रहाचीही आवड. झाशीच्या वाड्यात संस्कृत पोथ्यांचा चांगला साठा होता.

१८५१ मध्ये राणीला मुलगा झाला. नगरात आनंद झाला. परंतु तीनचार महिन्यांतच ते बाळ गेले. गंगाधररावांनी या दुःखातून पुन्हा डोके वर काढले नाही. नोव्हेंबर १८५३ मध्ये त्यांचे दुखणे बळावले.

दत्तक आणि न्यायासन

येथे आम्हांला थोडे सावकाश जायचे आहे, कारण पुढच्या सर्व दुःखाचे मूळ या जागी आहे.

मृत्यू समोर दिसू लागल्यावर गंगाधररावांनी २० नोव्हेंबर १८५३ रोजी आपल्या भाऊबंदांपैकी वासुदेवराव नेवाळकर यांचा लहान मुलगा आनंदराव यास शास्त्रोक्त दत्तक घेतले व त्याचे नाव दामोदरराव ठेवले. हा विधी गुपचूप झाला नाही. कंपनीचे अधिकारी मेजर एलिस व कॅप्टन मार्टिन यांना बोलावून घेतले होते. राजांनी आपल्या हाताने त्यांना पत्र दिले, की मुलाला वारस मानावे आणि त्याच्या वतीने राणीने कारभार पाहावा. दुसऱ्या दिवशी, २१ नोव्हेंबरला, राजे वारले.

माणसाने आपल्या मागे राहणाऱ्यांसाठी जे जे करावे ते त्यांनी केले होते. धर्मशास्त्राप्रमाणे दत्तविधान झाले होते. साक्षीदार होते आणि लेखी पत्र होते. शिवाय १८१७ चा तहनामा होता. त्यात कंपनीने झाशीचे रामचंद्रराव व त्यांचे वारस यांचा हक्क मान्य केला होता. एवढी कागदपत्रे असताना भीती कसली?

भीती एकाच गोष्टीची होती. वारस मानायचा की नाही हे ठरविणार कंपनीचा गव्हर्नर जनरल, आणि वारस न मानल्यास राज्य मिळणार ते कंपनीलाच. लॉर्ड डलहौसी यांचे धोरण सर्वांना माहीत होते. औरस पुत्र नसलेली, कंपनीच्या अंकित मानलेली राज्ये ते खालसा करीत. १८४८ मध्ये सातारा गेले होते. झाशीच्या वेळेलाच नागपूरही गेले. १८३५ मध्ये रामचंद्ररावांच्या मागे झाशीतच एका दत्तकाचा हक्क नाकारला गेला होता. तोही दाखला कामी आला. मेजर एलिस यांनी राणीच्या बाजूने लिहिले, की शेजारच्या ओर्छा संस्थानात दत्तक मान्य झाला आहे, मग झाशीला वेगळा न्याय का? परंतु त्यांचे मत वर टिकले नाही. फेब्रुवारी १८५४ मध्ये निर्णय झाला आणि मार्चमध्ये झाशी खालसा झाल्याचा जाहीरनामा लागला.

याच ठिकाणी ग्वाल्हेरची आठवण होते. १८४३ मध्ये ग्वाल्हेरचे जनकोजीराव शिंदे निपुत्रिक वारले. त्यांच्या विधवा पत्नी ताराबाई यांनी भागीरथराव नावाच्या मुलाला दत्तक घेतले. तेच पुढे जयाजीराव शिंदे झाले. तो दत्तक कंपनीने मानला. एक मूल ग्वाल्हेरच्या गादीवर बसले, दुसरे मूल दहा वर्षांनी झाशीच्या वाड्याबाहेर पडले. दोघांचेही दत्तविधान त्याच धर्मशास्त्राने झालेले, दोघांचीही आई विधवा. फरक केला तो दूर बसून वर्गवारी करणाऱ्या लेखणीने: हे राज्य मोठे व स्वतंत्र, ते लहान व अंकित.

राणीने त्या वेळी तलवार उपसली नाही, हे मुलांना सांगताना आपण बहुधा विसरतो. त्यांनी अर्ज केले. खलिते लिहिले, तहनाम्यातील कलमे दाखविली, ओर्छा व दतिया येथील दाखले दिले. जॉन लँग नावाच्या वकिलाला त्यांनी झाशीस बोलावून घेतले आणि पडद्याआडून त्याच्याशी बोलल्या. लंडनपर्यंत दाद मागितली. तेथील डायरेक्टरांच्या सभेनेही तोच निर्णय कायम केला. त्याच त्या न्यायाधीशाकडे पुन्हा पुन्हा जाणाऱ्या विधवेचा दाखला आपल्या वाचकांना परिचित आहे. त्या दाखल्यातील न्यायाधीश अन्यायी होता, तरी विधवेच्या घरावर त्याचा डोळा नव्हता. येथे मात्र न्याय करणारा आणि लाभ घेणारा एकच होता. अशा न्यायासनासमोर कागद कितीही भक्कम असला तरी त्याला राखणारे कोणी नसते.

आणि हेही लपविणे योग्य नाही, की निर्णय करणारे आपल्याच धर्माचे नाव घेणारे होते.

राणीला दरमहा पाच हजार रुपये तनखा ठरला. किल्ला सोडून त्या शहरातील वाड्यात राहू लागल्या. दिलेल्या तनख्यातून पतीचे कर्ज फेडावे असा तगादा सुरू झाला. महालक्ष्मीच्या देवळाला लावून दिलेल्या गावांचे उत्पन्न सरकारजमा झाले. नगरात गोवध सुरू झाला. राणीने हरकत घेतली, ती ऐकली गेली नाही. एकेक गोष्ट पाहिली तर लहान, परंतु ज्याचे मोठे काही हिरावले आहे त्याला अशा लहान गोष्टींनी रोज नवी जखम होते. ज्यांच्या हाती सत्ता होती त्यांना मात्र झाशीत सारे शांत दिसत होते.

किल्ल्यातले साठ जीव

५ जून १८५७ रोजी झाशीच्या छावणीत बाराव्या पलटणीतील काही शिपाई उठले. दारूगोळा व खजिना असलेली लहान गढी त्यांनी घेतली. अधिकारी मारले गेले. शहरातील युरोपियन व अँग्लोइंडियन कुटुंबे कॅप्टन स्कीन यांच्याबरोबर मोठ्या किल्ल्यात शिरली. खाण्याचा साठा नाही, बाहेरून मदत येण्याची आशा नाही. ८ जूनला जीवदानाच्या वचनावर त्यांनी दरवाजे उघडले. त्यांना गावाबाहेर जोखनबागेत नेण्यात आले आणि तेथे पुरुष, बायका, मुले मिळून साठाच्या आसपास माणसांची कत्तल झाली.

ख्रिस्ती वाचकांना राणीचे चरित्र सांगताना ही हकीकत वगळून चालणार नाही. वगळली तर आम्ही अर्धीच कथा सांगितली असे होईल. राणीचा या कृत्यात हात होता असे इंग्रजांनी पुढे धरून चालले. परंतु तसे सिद्ध करणारा पुरावा पुढे आलेला नाही. बंडवाल्यांनी राणीलाही धमकावून मोठी रक्कम घेतली आणि ते दिल्लीकडे निघून गेले. राणीने ताबडतोब सागरचे कमिशनर अर्स्किन यांना पत्रे पाठवून घडलेली हकीकत व आपली असहायता कळविली. त्यांनी उत्तर दिले की नवा अधिकारी येईपर्यंत राणीने सरकारच्या वतीने जिल्ह्याचा कारभार पाहावा. परंतु कलकत्त्याहून शेरा आला, की राणीची हकीकत खोटी निघाल्यास या पत्राने तिचे रक्षण होणार नाही. पुन्हा तेच! हाती कागद होता, पण त्याचा अर्थ लावण्याचा अधिकार दुसऱ्याच्या हाती.

जोखनबागेत मेलेल्या मुलांनी झाशी खालसा केली नव्हती. दत्तकाच्या कागदावर त्यांच्यापैकी कोणाची सही नव्हती. वरच्यांनी अन्याय केला की त्याची भरपाई बहुधा खालच्यांकडून, आणि त्यांतही जे हाताशी सापडतील त्यांच्याकडून घेतली जाते. ज्याला राग काढायचा आहे त्याला डलहौसी सापडत नाही. कारकुनाची बायको सापडते. त्या साठ जणांसाठी आपले मन दुखावे, आणि तसेच ते पुढे झाशीच्या गल्ल्यांत मेलेल्यांसाठीही दुखावे. एकाच दुःखासाठी अश्रू राखून ठेवणारे अंतःकरण ख्रिस्ती नव्हे.

झाशीचा तट

आता राणीच्या हाती राज्य आले, पण ते मोडके राज्य होते. सदाशिवराव नावाच्या एका भाऊबंदाने गादीवर हक्क सांगितला. राणीने त्याचा पाडाव केला. ओर्छ्याची फौज झाशीवर चालून आली. राणीने तीही परतवून लावली. कंपनी सरकारकडून मदत आली नाही. अशा स्थितीत राणीने नवी माणसे भरती केली, तोफा ओतविल्या, दरबार भरवून फिर्यादी ऐकल्या. १८५८ च्या आरंभापर्यंत इंग्रज अधिकाऱ्यांशी त्यांचा पत्रव्यवहार चालू होता. आपण निर्दोष आहोत हे ऐकून घेणारा कोणी भेटेल ही आशा त्यांनी बरेच दिवस सोडली नव्हती.

मार्च १८५८ मध्ये सर ह्यू रोज यांची फौज झाशीसमोर येऊन ठेपली. झाशीचा किल्ला ओर्छ्याच्या वीरसिंह देवांनी सतराव्या शतकाच्या आरंभी बांधलेला, उंच खडकावरचा. शहराभोवती मजबूत तट. परंतु दक्षिणेकडील उंचवट्यावर शत्रूच्या तोफा चढल्या आणि तटावर रात्रंदिवस मारा सुरू झाला. दिवसा पडलेले खिंडार रात्री बुजविले जाई. बायका दगड वाहत, तोफांना दारूगोळा पोचवीत. हे शत्रूच्या अधिकाऱ्यांनीही दुर्बिणीतून पाहिले व लिहून ठेवले.

मदतीसाठी तात्या टोपे वीस हजारांच्या आसपास फौज घेऊन आले. झाशीच्या तटावर आनंदाचा गजर झाला. पण १ एप्रिलला बेतवा नदीकाठी रोज यांनी वेढा न उठविता, थोडेसेच सैन्य घेऊन ती फौज एका दिवसात उधळून लावली. ३ एप्रिलला इंग्रज सैन्य खिंडारातून व शिड्यांवरून शहरात शिरले.

कोणा एकाने फितूर होऊन दरवाजा उघडला, अशी कथा लोकांत सांगितली जाते. अशी कथा मनाला सोयीची असते, कारण सारा दोष एका माणसावर टाकून बाकीचे मोकळे होतात. खरे पाहता झाशी पडली ती दहाबारा दिवसांच्या तोफांच्या माराने, धीर सोडून पळालेल्या मदतीच्या फौजेने, आणि चार वर्षांपूर्वी फाडल्या गेलेल्या विश्वासाने. तट एका जागी फुटलेला दिसतो. तो कमकुवत मात्र पुष्कळ आधीपासून व पुष्कळ जागी झालेला असतो.

पुढचे काही दिवस झाशीवर काय कोसळले याची हकीकत एका मराठी माणसाने लिहून ठेवली आहे. पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे हे गरीब भिक्षुक. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, तेथे दक्षिणा मिळेल, म्हणून ते उत्तरेकडे निघाले आणि फिरत फिरत झाशीत अडकले. त्यांचे प्रवासवर्णन १९०७ मध्ये पुस्तकरूपाने निघाले. हलवाईपुऱ्याला लागलेली आग, घरांत शिरून पुरुषांना मारणारे सैनिक, विहिरीत उड्या घेणारे लोक, अडगळीत लपून काढलेल्या रात्री, लुटला गेलेला राजवाड्यातील ग्रंथसंग्रह, हे सारे त्यांत आहे. गोडसे भटजींची जमवलेली दक्षिणा गेली. जीव मात्र वाचला. या लढाईत त्यांचा पक्ष कोणता होता? कोणताच नव्हता. पोटासाठी घर सोडलेला वाटसरू होता तो. मोठ्यांच्या भांडणात ज्यांचे नाव कोणी घेत नाही अशांचे प्रतिनिधी म्हणून आम्ही त्यांची आठवण ठेवतो.

राणी दामोदररावाला घेऊन रात्री किल्ल्याबाहेर पडल्या आणि दौडत काल्पीला पोचल्या. त्यांचे वडील मोरोपंत यांना मात्र पकडून झाशीला आणण्यात आले आणि त्यांना जोखनबागेत फाशी देण्यात आले. दहा महिन्यांपूर्वी जेथे त्या साठ जणांचे रक्त सांडले होते, तीच ही बाग.

ग्वाल्हेरचे सतरा दिवस

काल्पीही २३ मे रोजी पडली. रावसाहेब पेशवे, तात्या टोपे व राणी यांनी मग ग्वाल्हेरकडे मोहरा वळविला. १ जून १८५८ रोजी जयाजीराव शिंदे आपली फौज घेऊन त्यांच्यावर चालून आले. लढाई अशी झालीच नाही. शिंद्यांचे बहुतेक सैनिक समोरच्या बाजूला जाऊन मिळाले, आणि जयाजीराव आग्र्याला निघून गेले. दुर्गम म्हणून ख्याती असलेला ग्वाल्हेरचा किल्ला, भरलेला खजिना व तोफखाना एका दिवसात हातचा गेला.

येथेही इजेची जागा जुनीच होती. जयाजीरावांचा दत्तक मानला गेला खरा. परंतु त्याच वर्षाच्या अखेरीस कंपनीने ग्वाल्हेरशी युद्ध केले. २९ डिसेंबर १८४३ रोजी महाराजपूर व पनियार येथे शिंद्यांचा पराभव झाला आणि पुढील महिन्यातील तहाने त्यांचे सैन्य नऊ हजारांवर आणले गेले. दुसरीकडे ग्वाल्हेरच्याच उत्पन्नावर एक वेगळी फौज पोसली जाई. तिचे अधिकारी इंग्रज, तळ मुरारला. राजाने पगार द्यायचा आणि हुकूम दुसऱ्याने करायचा, असा हा संसार. १८५७ च्या जूनमध्ये ही मुरारची फौज उठली. पुढच्या जूनमध्ये राजाची स्वतःची फौजही गेली. झाशीची विधवा सरकारच्या अवकृपेने उघडी पडली, ग्वाल्हेरचा राजा सरकारच्या कृपेने दुबळा झाला.

आणि जिंकलेल्यांचे काय झाले? रावसाहेबांनी दरबार भरविला, पेशवेपदाचा सोहळा केला, भोजनावळी उठल्या, शिपायांना खजिन्यातून पैसे वाटले गेले. राणीला हे रुचले नाही असे चरित्रकार सांगतात. मोर्चे बांधा, सैन्य नीट लावा, असा त्यांचा आग्रह होता. पण त्यांच्या हाती सेनापतीपद नव्हते. धोका ओळखणारी व्यक्ती एका जागी आणि निर्णय करणारी दुसऱ्या जागी, असे असेल तर शहाणपणही निरुपयोगी होते. ह्यू रोज येतच होते. १६ जूनला मुरार त्यांनी घेतले.

फूलबाग

१७ जूनला कोटा की सराय भागात ब्रिगेडियर स्मिथ यांच्या घोडेस्वारांशी गाठ पडली. राणी स्वाराच्या पोशाखात होत्या. इंग्रज अधिकाऱ्यांच्या लेखनात हाच दिवस मृत्यूचा म्हणून येतो. आपल्याकडे १८ जून मानतात. घोडा नवा होता, तो स्वर्णरेखा नाल्याशी अडला, अशी कथा ग्वाल्हेरमध्ये घरोघर सांगितली जाते. एवढे निश्चित, की राणीला प्राणघातक जखमा झाल्या, विश्वासू माणसांनी त्यांना बाबा गंगादासांच्या मठाजवळ आणले आणि तेथेच घाईघाईने अग्नी देण्यात आला. राणीचा देह शत्रूच्या हाती पडू नये म्हणून मठातील साधू लढले, आणि ७४५ साधू कामी आले, असे त्या मठाची परंपरा सांगते. १९ व २० जूनला शहर व किल्ला पुन्हा इंग्रजांकडे गेले आणि जयाजीराव गादीवर परत आले.

राहिला तो लहान दामोदरराव. ज्याच्यासाठी एवढे खलिते लिहिले गेले, तो मुलगा मूठभर सेवकांबरोबर रानावनांत भटकला, शेवटी शरण आला आणि इंदूरला लहानशा पेन्शनीवर राहू लागला. १९०६ मध्ये तो तेथेच वारला. झाशी त्याला मिळाली नाही.

आणि तरीही, १ नोव्हेंबर १८५८ रोजी राणी व्हिक्टोरियाचा जाहीरनामा निघाला, खालसा करण्याचे धोरण सोडण्यात आले, आणि १८६२ मध्ये लॉर्ड कॅनिंग यांनी संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या. जे मागणे झाशीच्या विधवेने शाईने लिहून मागितले होते, ते इतरांना रक्ताचे पाट वाहिल्यानंतर मिळाले. वेळीच ऐकले असते तर? प्रत्येक सत्ताधाऱ्याने, प्रत्येक पंचाने, प्रत्येक कुटुंबप्रमुखाने हा प्रश्न स्वतःला विचारावा.

आपणांसाठी

आपल्याजवळ राज्ये नाहीत; पण विधवा आहेत, अनाथ आहेत, दत्तक मुले आहेत आणि संस्थाही आहेत. म्हणून या कथेतून दोनतीन गोष्टी उचलाव्यात असे आम्हांला वाटते.

पहिली गोष्ट दत्तक मुलांची. आपल्या ख्रिस्ती समाजात मूल वाढविणारी प्रेमळ जोडपी पूर्वीपासून आहेत. परंतु आपल्याला दत्तकाचा स्वतंत्र कायदा नव्हता. १८९० च्या कायद्याखाली फक्त पालकत्व मिळे, आणि मूल सज्ञान झाले की तेही संपे. पुढे बाल न्याय कायद्याने, आज २०१५ च्या अधिनियमाने, कोणत्याही धर्माच्या माणसाला रीतसर दत्तक घेता येते आणि ते मूल सर्व बाबतींत पोटच्या मुलासारखे ठरते. तेव्हा केवळ घरच्या प्रार्थनेवर व नातलगांच्या शब्दावर न थांबता कायद्याचा आदेश मिळवावा, मृत्युपत्र करून ठेवावे. गंगाधररावांना असा कायदा लाभला नव्हता. आपल्याला लाभला असून आपण तो वापरला नाही, तर आपल्यामागे त्या मुलाला भाऊबंदांच्या दयेवर सोडल्यासारखे होईल.

दुसरी गोष्ट संस्थांची. मंडळीचा पैसा, मिळकत, वसतिगृह, शाळा यांत जो खर्च करतो त्यानेच हिशेब तपासू नये; ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्यानेच ती ऐकू नये. हा अविश्वास नव्हे. चांगल्या माणसालाही मोहापासून राखणारे हे कुंपण आहे. आणि जेथे मुले वा एकट्या स्त्रिया राहतात तेथे त्यांचे म्हणणे ऐकायला बाहेरचे निदान एक माणूस असावे. राणीजवळ एलिस होता, पण त्याच्या शब्दाला वजन नव्हते. आपल्याकडे अशा माणसाला वजनही द्यावे.

तिसरी गोष्ट शाब्बाथ शाळेच्या शिक्षकांसाठी. राणीची कथा सांगाल तेव्हा तलवारीबरोबर अर्जही सांगा. जोखनबागेतील मुले सांगा आणि झाशीच्या गल्लीतील लोकही सांगा. फितुराची गोष्ट मुलांनी विचारली तर त्यांना सगळा तट दाखवा, आणि विचारा की यांतील कोणती जागा कोणी, केव्हा दुरुस्त करू शकला असता. मुले उत्तर देतील. ती आपल्यापेक्षा मोकळेपणाने पाहतात.

ग्वाल्हेरला जाण्याचा योग आला तर पडावावरून फूलबागेत अवश्य जावे. जून महिन्यात समाधीपाशी मेळा भरतो, लोक फुले वाहतात. ज्या बाईचे म्हणणे जिवंतपणी कोणी ऐकले नाही, तिच्या स्मरणार्थ तेथे थोडा वेळ उभे राहावे. मग घरी परतल्यावर आपल्या गल्लीत, आपल्या मंडळीत असे कोण आहे की ज्याचा अर्ज आपल्या मेजावर बरेच दिवस पडून आहे, त्याचा शोध घ्यावा, आणि प्रभूने बुद्धी दिली तर त्याच आठवड्यात त्याला उत्तर द्यावे.